भाऊचं माऊ

६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाला, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. रक्तदाब खाली येतो म्हणे. बायकोने त्याच संध्याकाळी ही वही आणली. एवढी जाड कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचा अंदाज घेऊनच आणलीय."

तर घ्या, आजचा राग.

सकाळच्या दुसऱ्या बॅचला एक बाई येते. बँकेत नोकरी करते. स्टिअरिंग असं आवळून धरते, जणू कोणी हिसकावून पळणार आहे. पेट्रोलपंपाच्या वळणाला आलो. मी नेहमीसारखा तिच्या शेजारी, डावा हात खिडकीत टाकून. मला विचारते, "सर, तुम्हाला मांजरं फार आवडतात का हो?" मी म्हटलं, समोर बघा. तर म्हणे, "नाही, हातावर माऊ लिहिलंय ना, म्हणून."

माऊ!

"बाई, भाऊ आहे ते! भाऊ! कुठल्या शाळेत गाडी शिकताय तुम्ही? टपावरच्या पाटीवर काय लिहिलंय?" एवढंच म्हटलं. आवाज जरा चढला असेल. तेवढ्यात कुठून एक स्कूटरवाला उपटला. शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो, तो दाबला, पण जरा उशिरा दाबला गेला. स्कूटरचा मागचा दिवा फुटला. माणसाला काही झालं नाही. तो मात्र सारखा म्हणत होता, मी किती वेळ तुमच्या समोरच चालवतोय. समोर असतास तर मला दिसला नसतास का रे? बाई रडायला लागल्या. गाडी चालवताना मांजराच्या चौकशा केल्या की असंच होणार.

लिहून काही रक्तदाब-बिक्तदाब खाली आलेला वाटत नाही.

७ फेब्रुवारी

आज आरशासमोर उभा राहून हात नीट पाहिला. मला तर स्वच्छ भाऊ दिसतं.

बायकोला बोलावलं. तिने हात उजेडात धरला, फिरवून पाहिला. म्हटलं, बोल. म्हणाली, "माऊ."

"तुझीही नजर गेली."

"माझी नाही गेली. तुम्हाला काय लिहिलंय ते माहीत आहे, म्हणून तुम्हाला तेच दिसतं. भ च्या डोक्यावर फट असते ना, ती बुजलीय. गाठही भरून आलीय. आणि काळं कुठे राहिलंय आता? शेवाळासारखा रंग झालाय." मग जाता जाता, "डोळे दाखवून या एकदा," हेही झालंच. गेली दोन वर्षं ह्या बाईला दर विषयातून माझ्या डोळ्यांपाशी यायचंय.

वडील गेले तेव्हा मी तेविसात होतो, धाकटा अठराचा. बाजाराच्या तोंडाशी एक गोंदणारा मशीन घेऊन बसायचा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच सुईने, डाव्या हातावर एकच शब्द काढून घेतला. धाकटा ओय-ओय करत होता आणि मी त्याचा दुसरा हात धरून बसलो होतो. पुढल्याच वर्षी जुनी गाडी घेतली आणि शाळा काढली. नावाचा विचारसुद्धा करावा लागला नाही. मी गाडीत बसलो. तो ऑफिसात बसला, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि बोलणं गोड. आजतागायत तसंच चालू आहे.

१२ फेब्रुवारी

बँकवालीने गावभर केलंय. दुपारच्या बॅचची दोन कॉलेजातली पोरं मला बघून 'म्यांव' असं हळूच म्हणाली. मी त्यांना भर चौकात चढावर गाडी थांबवायला लावून हाफ क्लचवर घाम फोडला. मागून हॉर्नचा नुसता जागर. आता म्हणा म्यांव.

संध्याकाळी धाकट्याने ऑफिसात बोलावलं. मोबाइल पुढे केला. कोणीतरी आमच्या शाळेबद्दल लिहिलं होतं, 'शाळा चांगली, फक्त माऊ सरांपासून सावध. फार ओरडतात.' खाली हसून लोळणारी ती पिवळी तोंडं.

"दादा, मनाला लावून घेऊ नकोस," धाकटा म्हणाला.

"मी कशाला लावून घेऊ? शाळेचं नाव आहे ते. तुझंही आहे."

मग काय मनात आलं त्याच्या, शर्टाच्या बाहीचं बटण काढलं त्याने. हा माणूस कडक उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालतो, ऑफिसात तसंच शोभतं म्हणे. बाही वर केली. बापरे! कालच काढल्यासारखं. काळं कुळकुळीत. भ ची फट, ऊ ची शेपटी, सगळं जागच्या जागी. मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. मला एकदम भरून आलं. काय जपलंय पठ्ठ्याने!

"हे दुरुस्त करता येतं हल्ली," तो बाही खाली करत म्हणाला. "मी चौकशी करतो. सगळं माझ्यावर सोड."

एवढ्या वर्षांत त्याने स्वतःहून माझ्यासाठी असं काही केल्याचं आठवत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "स्कूटरबद्दल काही बोलले का भावोजी?" नाही बोलला. कशाला बोलेल? संपला तो विषय.

२० फेब्रुवारी

गोंदणाऱ्या मुलीकडे गेलो होतो. औषधाच्या दुकानावर तिची खोली. दवाखान्यासारखं पांढरंशुभ्र, फक्त गाणी जोरात. तिच्या स्वतःच्या मानेपासून मनगटापर्यंत रिकामी जागा म्हणून नाही. धाकटा बरोबर आला होता, त्याच्या गाडीतून, एसी लावून.

मुलीने माझ्या हातावर भिंग धरलं. मग म्हणाली, "काका, एक विचारू? हा हात सतत उन्हात असतो का?"

"तीस वर्षांच्या वर झाली. खिडकीत."

"तेच. शाई आत जागेवर थांबत नाही. वय वाढतं तशी कातडी सैल होते आणि शाई बाजूला पसरत जाते, टीपकागदावर पसरते तशी. वरून ऊन तिला फोडत राहतं. मग शरीर ते तुकडे हळूहळू वाहून नेतं. काळ्याचं निळं होतं, निळ्याचं हिरवट. आणि सगळ्यात आधी बुजतात त्या बारीक फटी. आपली अक्षरं तर फटींवरच चालतात. ध चा घ काय, भ चा म काय. माझ्याकडे एक जण आले होते, त्यांचं 'चारधाम' होतं. त्याचं काय झालेलं सांगत नाही."

मला हसू आलं. मुलगी बरी वाटली. म्हटलं, मग त्याच्यावरच पुन्हा गिरव, ठळक कर, संपवून टाक.

"गिरवलं तर माऊच ठळक होईल ना, काका. मला काळं घालता येतं, काढता येत नाही. फट पाडायची तर आधी लेझरने तेवढा भाग पुसायला हवा. कातडीच्या डॉक्टरकडे. मग मी नव्याने लिहून देते."

लेझरच्या दोन बैठकांमध्ये दीड-दोन महिने थांबावं लागतं, अशा तीन-चार बैठका. आणि त्या सगळ्या काळात हातावर ऊन अजिबात नको, नाहीतर कातडीवर कायमचे डाग. मी म्हटलं, हात्तिच्या, मग राहू दे. गाडी चालवायला कोण शिकवणार?

तर धाकटा पटकन म्हणाला, "ते मी बघतो. गोटी आहे ना."

गोटी म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी कुठे ठेवली तरी घरंगळत माझ्याकडे यायची, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता सव्वीसची आहे, शिकवायचा परवानाही काढलाय. गाडी तिला मीच शिकवली.

३ मार्च

लेझर झालं. तापलेल्या तेलाचे थेंब हातावर मोजून टाकावेत तसं. दात-ओठ खाऊन सहन केलं. तिथली नर्स म्हणाली, ओरडलात तरी चालेल. म्हटलं, ओरडायला मनाई आहे, वहीत लिहायचंय.

धाकट्याने घरी सोडलं. एक पिशवी दिली. त्यात हातात घालायची कापडी बाही, एक टोपी, आणि उन्हाचं मलम. "दादा, उन्हात जाऊ नकोस हं," गाडीतून उतरताना दोनदा म्हणाला. आमची आई अशी म्हणायची.

गोटी पाया पडायला आली, उद्यापासून माझ्या बॅच ती घेणार म्हणून. माझ्याकडे बघेना. म्हटलं, काय गं, घाबरलीस काय? म्हणाली, "मोठे बाबा, थोडेच दिवस हं." तिलाच माझ्याशिवाय करमणार नाही, असं दिसतंय.

१८ मार्च

हातावर फोड आले होते, बसले. खपली धरलीय. खाज सुटते, पण खाजवायचं नाही.

घरात काय करायचं असतं दिवसभर, हे बायकोला विचारलं. तिने पालेभाजी निवडायला दिली. ती म्हणाली की मी निम्म्या अळ्या भाजीतच ठेवल्या. काहीही बोलते.

२ एप्रिल

धाकटा येऊन गेला. माझी गाडीतली बसायची उशी घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. "वहिनी, धुऊन ठेवा. फार मळली होती." किती बारीक लक्ष असतं माणसाचं! बायकोने धुतली, वाळवली, खोळ शिवली, पलंगावर ठेवली.

९ एप्रिल

बायको त्या उशीकडे बघत म्हणाली, "धुतलेली वस्तू माणूस परत न्यायला येतो. कोणी आलं का?"

"हात बरा झाला की मीच घेऊन जाईन."

"हं," म्हणाली. तिचं हे हं मला लग्नापासून सहन होत नाही.

२७ एप्रिल

दुसरी बैठक. धाकट्याला वेळ नव्हता, रिक्षाने गेलो. हिशोबाने उतरलो तर भलताच दवाखाना, दातांचा. दोन्ही पाट्या निळ्या आणि अक्षरं सारखीच, कोणाचीही फसगत होईल. बायकोला सांगितलं नाही.

हात आता विचित्र दिसतो. शब्दाभोवती कातडी फिकी, मध्ये राखाडी रेघा. धड माऊ नाही, धड भाऊ नाही.

१४ मे

राहवेना. टोपी आणि बाही घालून मैदानाच्या कडेला झाडाखाली उभा राहिलो. गोटीची बॅच चालू होती. गाडीत एक म्हातारे गृहस्थ शिकत होते. त्यांनी गाडी तीनदा बंद पाडली आणि गोटी हसतेय! तो म्हाताराही हसतोय. चौथ्यांदा गाडी बरोबर निघाली, तर पोरीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या! हे काय बालवाडी आहे? रस्त्यावर ट्रकवाला टाळ्या वाजवणार आहे का? आमच्याकडून शिकलेली माणसं रडली असतील, पण गाडी शिकूनच गेली.

तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. हात केला, पण गाडी थांबवली नाही. बरोबरच आहे, बॅच मध्येच थांबवायची नाही हे मीच तिला शिकवलंय.

मैदानातून निघताना एक नवी गाडी दिसली. ऑटोमॅटिक. टपावर आमची पाटी. मला कोणी बोललं नव्हतं. म्हणजे मला खूश करायचा बेत असणार, परत आलो की एकदम दाखवायची.

२९ मे

बायको आज चिडून म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" काय ते सांग म्हटलं तर पदर खोचून आत गेली. बायकांचं हे असं असतं, कोडं घालायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचं.

२१ जून

आज जे झालं ते आधी लिहून काढतो, ओरडायचं ते मग.

तिसऱ्या बैठकीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, "छान साफ झालंय. तुम्हाला तेवढी फट मोकळी हवी होती ना, ती गेल्याच वेळेला झाली होती."

"म्हणजे? मग आज कशाला बोलावलं?"

"तुमचे भाऊ म्हणाले होते, घाई नाही, सावकाश करा. सगळं पूर्णच काढू, वेळ भरपूर आहे."

मी तिथल्या बाकावर बसलो. नर्सने पाणी आणून दिलं. मग सगळं एकेक करून समोर यायला लागलं. एसी लावलेली गाडी. बाही. टोपी. पिशवीतली उशी. नवी गाडी. उन्हात जाऊ नकोस हं दादा. आईसारखं म्हणे! कप्पाळ माझं.

२२ जून

सकाळी सकाळी ऑफिसात गेलो. धाकटा उदबत्ती लावावी तशा भक्तीने संगणक पुसत होता. मी दार लावून घेतलं.

"मला घरी बसवायला लेझर करवलंस?"

त्याने फडकं खाली ठेवलं. नाही म्हणाला नाही. तेवढा तरी मान राखला.

"सांगायचं होतं, दादा. धीर होईना. तुला कोण सांगणार? तुझ्यासमोर कोणाचा आवाज फुटतो?"

"काय सांगायचं होतं? आता सांग."

"बॅच निम्म्या रिकाम्या जायला लागल्या होत्या. माणसं रडत ऑफिसात यायची. मी पाणी द्यायचो, समजूत घालायचो, दुसरी वेळ द्यायचो. वर्षानुवर्षं हेच करतोय मी. आणि आता ती स्कूटर. दादा, तुला ती..."

"रडतात म्हणे! रडू देत! गाडी शिकताना रडलेलं बरं, नंतर घरच्यांनी रडण्यापेक्षा!"

"माझं ऐकून तरी घे. स्कूटर..."

"स्कूटर गेली खड्ड्यात!" आणि मग मी जे बोललो ते बोललो. "बाही वर कर. कर वर! तुझा शब्द कसा कोरा करकरीत राहिला माहीत आहे? जपलास म्हणून नाही. झाकलास म्हणून. तू पंख्याखाली बसलास आणि तुझ्या वाटणीचं ऊन मी खाल्लं. मी! आणि आता माझ्या हाताची लोकांना लाज वाटते म्हणून मला सावलीत टाकतोस?"

त्याचे डोळे भरले. भरू देत. गोड बोलणाऱ्यांना रडायलाही लवकर येतं. दार उघडलं तर बाहेर गोटी उभी. तिने सगळं ऐकलं असणार. मी तिच्या बाजूने नुसता निघून आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, हं म्हणेल. म्हणाली नाही. ताट वाढलं, शेजारी बसली आणि मी जेवेपर्यंत उठली नाही.

१ जुलै

कोणाचा फोन नाही. माझाही नाही.

उशी माळ्यावर टाकली.

९ जुलै

बायकोने पुन्हा डोळ्यांचं काढलं. मी पुन्हा ओरडलो. वहीत लिहायच्या आधीच ओरडलो, हे डॉक्टरला कळायला नको.

१६ जुलै

गोटी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"मोठे बाबा, मी बाबांना सांगितलंय, मला तुमच्या जागेवर नाही बसायचं. माझ्याने होत नाही. ते म्हणतात, दादाला आता झेपत नाही. मी म्हटलं, सिद्ध करा. ते करत नाहीत, नुसते गप्प बसतात. तर मीच करते. उद्या सकाळी तुम्ही चालवायची, मी शेजारी बसते. मग मी त्यांना तोंडावर सांगते की बघा."

मला पोरीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! तिला म्हटलं, चहा तरी घे. नको म्हणाली, डोळे पुसत पळाली.

बायको म्हणाली, "जाऊ नका." माझा बाहेरचा शर्ट इस्त्री करून ठेवला मात्र.

१७ जुलै

सरळ लिहितो.

गाडी जुनीच घेतली, माझी. मी स्टिअरिंगवर, गोटी माझ्या जागेवर. मजा वाटली. म्हटलं, ओरड माझ्यावर, तुला मुभा आहे. ती हसली. मैदानाला दोन चकरा मारल्या, रिव्हर्स लावून दाखवली, एका दमात. हात विसरलेला नाही, पाय विसरलेला नाही. मग म्हटलं, मैदानात काय कोणीही चालवेल, चल रस्त्यावर.

पेट्रोलपंपाचं वळण. तिथून मी इतक्या वेळा गेलोय की डोळे मिटून जाईन. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वळवली. रस्ता मोकळा होता.

गाडी कचकन थांबली. मी ब्रेक लावला नव्हता.

आधी कळेचना. वाटलं, बंद पडली. गोटीकडे पाहिलं. ती पुढे बघत होती आणि तिचा पाय खाली दाबलेला होता. मग मी पुढे पाहिलं. बॉनेटला टेकून एक बाई उभी होती. हातात भाजीची पिशवी. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी तिला चिकटलेली. बाईचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

गोटीने हँडब्रेक ओढला. मी पुन्हा विचारलं.

"त्या तिथेच होत्या, मोठे बाबा," ती म्हणाली. "अर्ध्या रस्त्यापासून. मला वाटलं, तुम्ही आता थांबाल, आता थांबाल."

तिथेच होत्या, तिथेच होत्या, असं मी मनात म्हणत राहिलो. आम्ही जागा बदलल्या. मी उतरून बाईची माफी मागायला गेलो, तर तिने मुलीला मागे ओढलं. गोटीने मला घरापर्यंत आणलं. दारात ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडून कोणाला कळणार नाही."

बायकोने चेहरा पाहिला. पाण्याचा तांब्या पुढे केला.

१८ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बायको बरोबर होती. त्याने समोर अक्षरांची पाटी लावली आणि वाचा म्हणाला. मी धडाधड वाचली. म्हटलं, बघा. तो म्हणाला, "आजोबा, आता मी पाटी बदललीय, ही वाचा." मी आधीचीच म्हणून दाखवत होतो.

दोन्ही डोळ्यांत बाजूचं दिसणं फार कमी झालंय, आतली नस सुकत चाललीय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून सांभाळायचं. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील, म्हणाला. कळलं कसं नाही, विचारलं मी. तो म्हणाला, ओळखीच्या ठिकाणी कळतच नाही, नजर थोडं बघते आणि बाकीचं आठवणीने भरून काढते. बायको रडली नाही. तिने थेंबांच्या वेळा लिहून घेतल्या.

मला कोणाचा तरी राग यायला हवा आहे. शोधतोय. बँकवालीचा येत नाही. धाकट्याचा यायला हवा. तो पाच महिने गोड गोड बोलत राहिला, पण एकदा कानाखाली वाजवून सांगितलं नाही, की दादा, तुला दिसत नाही. स्कूटर, स्कूटर करत होता. मीच बोलू दिलं नाही. तरी त्याने ओरडायला हवं होतं. मी ओरडतो तर सगळ्यांना ऐकू जातं.

२० जुलै

सकाळी धाकट्याचा फोन. आवाज अगदी पूर्वीचा, भरलेला.

"दादा, गोटीने सांगितलं. म्हणाली, मोठे बाबा माझ्यापेक्षा झकास चालवतात. माझंच चुकलं, दादा. मी उगाच घाबरलो. तुझी जागा आहे, तू केव्हाही ये. सोमवारी ये."

म्हणजे पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. बापाशी. माझी कीव करून. असं खोटं आजवर कोणी माझ्यासाठी बोललं नव्हतं, आणि मला ते जन्मात नको होतं. आता मी नुसतं हो म्हणायचं होतं. सोमवारी उशी माळ्यावरून काढायची आणि जाऊन बसायचं. ब्रेकवर पाय, शेजारी कोणीतरी शिकणारं, समोर रस्ता. कोणाला कळलं नसतं. एखाद्या पिशवीवालीला कळेपर्यंत.

बायको शेजारी उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत नव्हती, ना हो अशी, ना नाही अशी.

मी म्हटलं, "नाही रे. हात अजून बरा नाही. शब्द पुन्हा काढायचा राहिलाय. डॉक्टर म्हणतात, उन्हात जायचं नाही."

पलीकडून धाकट्याचा श्वास ऐकू येत होता. अठराचा असताना गोंदून झाल्यावर त्याने असाच श्वास सोडला होता, सुटलो एकदाचा असा. म्हणजे त्यालाही माहीत होतं की पोरगी खोटं बोलतेय. तरी त्याने मला बोलावलं, मी नाही म्हणेन या आशेवर.

"बरं," तो म्हणाला. "काळजी घे, दादा."

एकदा तरी आग्रह करायचा.